कुठं दुखून राह्यलं, माय?

आमच्या घाटंजीकडचे ढोरांचे डॉक्टर दुखणं मालकाला विचारत नाहीत, जनावरालाच विचारतात. नवी नवरी होते तेव्हा मी त्यांच्याकडे बकरी घेऊन गेलते.

"काहून वं माय, कुठं दुखून राह्यलं?"

मी मोठी शहाणी! पदर सावरून लाजत म्हणाले, "कंबर."

यंदा कालव्याचं पाणी बंद झालं आणि जबड्यात गळ रुतलेलं एक कासव चिखलात अडकलं. वनखात्याच्या लोकांनी आता रिटायर झालेल्या या डॉक्टरांनाच बोलावलं. कासवाशी गप्पा मारत त्यांनी गळ काढला, जखम भरेपर्यंत त्याला टाक्यात सांभाळलं आणि मग तलावाकाठी सोडलं. कासव हलेचना. आम्ही गावची माणसं बघायला काठावर जमलेलो. तेवढ्यात त्यानं डुबकी मारली!

"आता कंबर कशी हाय, माय?" डॉक्टरांनी विचारलं.

मी कासवाच्या उत्तराची वाट बघत राहिले, आणि डॉक्टर माझ्या.