मापं आणि मास्तर

माझ्या भाच्याला घरात सगळे मास्तर म्हणतात. दिवसा तो नोकरी करतो आणि उरल्या वेळात लष्कराच्या भाकऱ्या भाजतो. कोणीही फुकट वापरावं, हवं तर दुरुस्तही करावं असं एक सॉफ्टवेअर आहे. ते कसं वापरायचं हे समजावणारी पानं तो लिहितो. पूर्वी त्यातली उदाहरणं नुसती वाचायची असत. त्याने प्रत्येक उदाहरणाला एक चौकट जोडली. चौकटीतला कोड आपण बदलायचा, ‘चालवा’ हे बटण दाबायचं, की उत्तर खालीच उमटतं. काठावर बसून पोहणं येत नाही, मावशी, असं सांगताना तो अगदी खुलला होता.

लोक चौकटीत काय लिहितात ते बिननावाने त्याच्याकडे जमा होई. पानावर तशी सूचना होती. एका रविवारी आम्ही तिघं जेवत असताना तो हसू लागला. कोणीतरी शर्टांची मापं घातली होती. छाती, कंबर, बाही, सगळं जिथल्या तिथे, पण आकडे मराठीत. यंत्राला कळतात इंग्रजी आकडे. ते दर वेळी नकार देई, आणि लिहिणारी व्यक्ती पुन्हा तेच लिही. शेवटी वैतागून तिने कोडच्या जागी लिहिलं होतं, ‘बाई गं, आता आणखी काय हवंय तुला?’ मास्तरने त्या चौकटीचं चित्र, खाली इंग्रजीत अर्थ देऊन, सोबत काम करणाऱ्यांच्या गटात टाकलं होतं. देशोदेशीचे लोक हसले होते. मीही हसले.

त्याची थोरली बहीण हसली नाही. ती गणवेशांच्या कारखान्यात कापड बेतते. ते काम आता संगणकावर, अशाच सॉफ्टवेअरवर जाणार होतं. परीक्षेत ज्यांना जमेल ते राहतील, बाकीच्यांनी काजं-बटणं करावीत, असं मुकादमाने बजावलं होतं.

“मग काय हवं होतं त्या यंत्राला?” तिने विचारलं.

“अगं ताई, नुसते इंग्रजी आकडे.”

“ते तुझ्या पानावर लिहिलंय?”

लिहिलेलं नव्हतं. मास्तरचा घास हातातच राहिला. मापं कोणाची होती, हे त्याला तेव्हा कळलं. मला का नाही विचारलंस, असं तो पुटपुटला. तू हसशील म्हणून, ती म्हणाली.

त्याने घाईघाईने फोन घेऊन गटात लिहिलं आणि आम्हाला वाचून दाखवलं: ही माझी बहीण आहे, चूक पानाची आहे, हसू नका.

“बहीण नसते तर हसायचं होतं का?” ताईने विचारलं आणि ताटं उचलली.

त्याने ती ओळ पुसली, चित्र काढून टाकलं, सगळ्यांची माफी मागितली. आकड्यांची सूचना पानावर आली. लोकांनी लिहिलेलं जमा करणंही त्याने बंद केलं, त्यामुळे ताईचं कुठे अडतं ते आता त्याला दिसत नाही. कारखान्यातली परीक्षा याच आठवड्यात आहे. काल तो माझ्याजवळ येऊन बसला, म्हणाला, मावशी, तू विचारतेस का तिला? मी म्हटलं, तूच विचार.

तिच्या खोलीचं दार उघडंच होतं. ती पाठमोरी, संगणकावर वाकलेली. तो उंबऱ्याशी थोडा वेळ उभा राहिला आणि पाय न वाजवता परत आला.