राजमतीबाईंची अकरावी

शेतात धूर दिसला की माणसानं आधी चौकशी करावी. हे शहाणपण मला आसेगावात आलं, पण पाणी ओतून झाल्यावर.

शाळेमागच्या वावरात गोवऱ्यांचा भलामोठा ढीग धुमसत होता, शेजारी कडब्याची गंजी उभी होती आणि आसपास चिटपाखरू नव्हतं. मी कोकणातून नुकताच इथल्या शाळेत आलेला मास्तर. आमच्याकडे गवताच्या उडवीजवळ विडी पेटवणाऱ्यालासुद्धा लोक हाकलून देतात. मी विहिरीवरच्या बादल्या उचलल्या आणि भराभर ढिगावर रिकाम्या केल्या. वाफेचा लोट उठला. गाव वाचवल्याच्या समाधानात मी शर्टाच्या बाह्या सारख्या करतोय, तोच पत्रावळींचा भारा डोक्यावर घेऊन अकरावीतला सेवादास आला. भारा तिथंच टाकून तो ओरडला, "सर! काय करून राह्यले? रोडगे हायेत नं त्यात!"

रोडगे म्हणजे कणकेचे मुठीएवढे गोळे. वऱ्हाडात ते गोवऱ्यांच्या विस्तवात पुरून ठेवतात आणि ते आत निवांत भाजत बसतात. राखणीला कुणी लागत नाही. म्हणजे आजवर लागत नव्हतं. त्या ढिगात सबंध पंगतीचे रोडगे होते, आणि ती पंगत म्हणजे सेवादासची परीक्षा होती.

ही परीक्षा बोर्डाची नव्हे, राजमतीबाईंची. बाई तेव्हा चाळिशीच्या. नवरा फूलचंदजी, त्यांचं भांड्यांचं दुकान. बाई अकरावीला मराठी आणि इतिहास शिकवायच्या. वर्गात भाषा अगदी पुस्तकी, आणि उंबरठा ओलांडला की अस्सल वऱ्हाडी. तेव्हा अकरावी म्हणजेच मॅट्रिक, आणि मॅट्रिकबद्दल त्यांचं मत एकदा ठरलं ते ठरलं. त्या म्हणत, "मॅट्रिक झालं का पोरगं वट्ट्यावर बसते. वावरात जात नाही, काहून तं मॅट्रिक झालं. हापिसात कोणी घेत नाही, काहून तं मॅट्रिकच झालं."

म्हणून त्यांनी नेम घातला होता. शाळा सोडण्याआधी अकरावीतल्या प्रत्येकानं गावातलं एक काम पहिल्यापासून शेवटापर्यंत आपल्या हिमतीवर करायचं. मास्तरांनी हात लावायचा नाही, तोंड उघडायचं नाही. आणि पास-नापास ठरवणार, ज्याचं काम केलं तो. एकानं गोजराबाईची बाज विणून दिली. दुसऱ्या दिवशी म्हातारी कमरेवर हात ठेवून भर वर्गात आली आणि "नापास!" म्हणून निघून गेली. पोरानं बाज उसवून पुन्हा विणली. एकीनं ताजबीच्या शेळ्यांना कुंपण घातलं. तिला शेळ्यांनी त्याच दुपारी नापास केलं.

गावात कुरकुर होतीच. "पोरं अभ्यास सोडून हमाली करून राह्यले," असं म्हणत काही पालक हेडमास्तर पंजाबरावांकडे गेले. पुढारी होता सेवादासचा बाप सोमला. पंजाबराव दोन्ही बाजूंना "बरोबर हाय" म्हणणारे शांतताप्रिय गृहस्थ. त्यांनी तोड काढली. यंदा अकरावीच्या निरोपाची पंगत सेवादास आणि त्याच्या वर्गातल्या सरवरीनं करायची. पालकांनीच जेवायला यायचं. पंगत पार पडली तर बाईंचा नेम चालू, फसली तर पुढल्या वर्षापासून बंद. शिवाय सगळं दिवस मावळायच्या आत, कारण बाई जैन, सूर्य बुडाल्यावर घास घेत नाहीत.

पोरांच्या हातचं खाण्यावरून बाईंच्या सासूबाई, जतनबाई, आधीच रुसल्या होत्या. बाईंनी त्यांना एवढंच विचारलं, "माह्या हातच्या छड्या त्यायले चालतेत, मंग त्यायच्या हातचा घास मले काहून नाही चालत?"

आता बाई वावरात आल्या. त्यांनी तो शेणाराखेचा चिखल पाहिला, मग मला पाहिलं, आणि विहिरीच्या काठावर जाऊन बसल्या.

"बाई, काहीतरी करा!" मी म्हणालो.

"मी काहून करू? परीक्षा माही हाय का?"

"बाई, पालक येऊन राह्यले," मागोमाग आलेले पंजाबराव घाम पुसत म्हणाले.

"येऊ द्या."

चेहरा दगडासारखा. पण पदराचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. इतक्या वर्षांचा नेम त्या चिखलात रुतला होता आणि त्यांना बसल्या जागचं हलता येत नव्हतं, कारण नेम त्यांचाच होता.

सेवादास मटकन खाली बसला. "आता मी पोहरादेवीले मामाकडं पळून जातो."

सरवरी मात्र चिखलात हात घालून मोकळी झाली होती. गुलाम नबी पिंजाऱ्याची ही मुलगी वर्गात क्वचितच तोंड उघडायची. तिनं एक रोडगा काढला, फोडला, हुंगला. वरून राख, आतून धड कच्चा नाही, धड भाजलेला नाही.

"ए सेवा, रडतो कायले? बट्ट्या करताना कणीक आधी उकडतेत, मंग कापून तळतेत, का नाही?"

"हो."

"मंग सरनं उकडून देल्ले समज!"

सेवादास डोळे पुसून उठला. तेलाचा डबा होता, चूल होती. तळायला मोठी कढई नव्हती. तोवर पालक जमायला लागले होते, आणि नेमके फूलचंदजीही पांढरी टोपी घालून जेवायला येत होते. सरवरीनं त्यांना बांधावरच गाठलं. "काकाजी, दुकानातली मोठी कढई पाह्यजे."

फूलचंदजींनी बायकोकडे पाहिलं. बाई आभाळाकडे पाहू लागल्या. "घरात इचारल्याबिगर..." ते पुटपुटले.

"दुकान तुमचं हाय का बाईचं?"

भर पालकांत हा प्रश्न! फूलचंदजी जे पळाले, ते कढई डोक्यावर पालथी घालूनच परत आले. टोपी कुठं पडली कुणास ठाऊक.

सरवरीनं माझ्या हातात चाकू दिला. "सर, चिखल तुमी केला, तुमीच खरवडा. अन् पाण्याले हात नका लावू." मी खरवडत होतो, ती कापत होती, सेवादास तळत होता. तुपाचा हात लावलेल्या खरपूस बट्ट्यांचा वास सुटला तसे रुसलेले पालक एकेक पाऊल चुलीकडे सरकायला लागले.

सूर्य बाभळींना टेकला तेव्हा पहिली पत्रावळ बाईंपुढे आली. त्यांच्यासाठी बिनालसणाचं वरण वेगळं काढलेलं. बाईंनी बट्टी कुस्करली, घास घेतला. पंगतीतल्या माना बाईंकडे वळल्या.

"मीठ कमी हाय," बाई म्हणाल्या, आणि दुसरी बट्टी मागितली.

मग काय! सोमला तर असा जेवला की सेवादास बापाला वाढता वाढता थकला. बोटं चाटत सोमलानं विचारलं, "असं काम बंद करा म्हणे, ते कोण म्हणे?"

"तूच म्हणे, सोमला," पंजाबराव म्हणाले.

"मी तवा उपाशी होतो, साहेब!"

वावरभर हसू पसरलं. पंजाबरावांनी उभं राहून जाहीर केलं, की पुढल्या वर्षी नेम चालू, आणि पंगत तर दरसाल. या वेळी ते एकाच बाजूला "बरोबर हाय" म्हणाले.

उरलासुरला उजेड पाहून बाई घाईनं पाणी प्यायल्या, त्यांनी चूळ भरली आणि मग कुठं त्या हसल्या. अशा हसल्या की पदर तोंडावर धरावा लागला. सरवरीच्या पाठीवर त्यांनी इतक्या जोरात थाप मारली की तिच्या हातातली पळी पडली. त्या आनंदात मलाही भरून आलं. कोपरापर्यंत राखेनं माखलेला मी पुढं झालो आणि म्हणालो, "बाई, पुढल्या वर्षी मी अगदी सकाळपासून मदतीला येतो."

बाई म्हणाल्या, "मास्तर, तुमी नुसते जेवाले या."