सोळात नसलेला रंग

आधीच सांगते, भूत, भानामती, करणी यातलं मी काहीही मानत नाही. चौथीत असताना पिंपळावरच्या मुंज्याला वाकुल्या दाखवत त्याच पिंपळाखाली बसून भेळ खाल्लेली बाई आहे मी. आता सदुसष्टावं चालू आहे, मत तेच आहे. त्यामुळे पुढचं वाचून कुणी मला लिंबू-मिरची सुचवू नये... उत्तर चांगलं मिळणार नाही.

परवा माझी नात लॅपटॉप घेऊन आली. इंजिनियरिंगला आहे. "आजी, मैत्रिणीने थीम पाठवलीय, बघ ना किती भारी!" काळ्या पडद्यावर गुलाबी अक्षरांचा प्रोग्राम. मी म्हटलं, हे उद्योग आम्ही मंचरला फ्लॉपीवर करायचो. ती हसली. मग तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

साल २००३ च्या आसपासचं. मंचरला एका खतांच्या दुकानाच्या वर कॉम्प्युटर क्लास होता. नाव नको, बंद पडून जमाना झाला. बारा मशीन, दोन पंखे, आणि लॅब इन्चार्ज मी. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, नाकावर चष्मा आणि डोक्यात हवा. मालकापेक्षा माझाच रुबाब जास्त!

'सी' भाषा शिकवायचा जो एडिटर होता त्याची जमीन, म्हणजे अक्षरांमागचा पडदा, निळी आणि अक्षरं पिवळी. जुन्या लोकांना आठवत असेल. त्यात रंग बदलायची सोय होती. रंग एकूण सोळा, त्यातले जमिनीला लावायला आठच. तुम्ही निवडलेले रंग एका छोट्या फाइलीत साठायचे. ती फाइल फ्लॉपीवर घातली की दुसऱ्याच्या मशीनवर तुमचे रंग. पोरं-पोरी याच्यासाठी वेडी झाली होती. एकाने लालवर पिवळं केलं, त्याला सगळे 'लग्नपत्रिका' म्हणायचे. नारायणगावच्या दोघींनी जांभळ्यावर पांढरं केलं आणि कुणाला द्यायचं, कुणाला नाही यावरून आठवडाभर अबोला धरला.

मग एका चावटाने अक्षरं आणि जमीन दोन्ही निळी करून ठेवली. मी टाइप करतेय, करतेय... पडद्यावर काही नाही. मी मशीन मेलं असं जाहीर केलं आणि पुण्याहून मेकॅनिक बोलावला. तो एसटीने आला, चार बटणं दाबली, सगळं दिसायला लागलं. "मॅडम, मशीन जिवंत आहे हो," एवढंच म्हणाला. अख्खी बॅच खिदळली. मी काय करावं? त्याच दिवशी रंगबंदी! रोज सकाळी माझ्या फ्लॉपीवरून मूळ फाइल बाराही मशीनवर. हुकूमशहाला शोभेल असं डोकं होतं माझं.

बाकीचे कुरकुरले आणि गप्प बसले. द्वारकाला मात्र ते जमेना. ती आहुप्याची, घोडेगावला मावशीकडे राहून क्लासला यायची. निळ्यावरचं पिवळं पंधरा मिनिटं पाहिलं की तिची अर्धशिशी सुरू व्हायची. तिने स्वतःपुरते तपकिरीवर काळे असे रंग केले होते, ते मी पुसले.

"मॅडम, माझा रंग तेवढा राहू द्या ना."

"नियम सगळ्यांना सारखा."

"मला खरं तर हिरड्याच्या पाण्यावानी पायजे व्हता. हिरडा भिजवला का पाण्याला येतो तसा. डोळ्याला लई गार वाटतो. पण सोळात न्हाई तो."

"मग आहुप्याला जाऊन बस की पाण्यात बघत!"

हो, असं म्हणाले मी. वर स्वतःच्या विनोदावर हसलेसुद्धा.

पहिल्या प्रॅक्टिकलला ती अर्ध्या तासात उठली आणि जिन्यात उलटी करून घरी गेली. नापास. एका डेअरीत तिच्यासाठी ऑपरेटरची जागा ठेवली होती, सर्टिफिकेट आणलं तरच. दुसरी संधी तेवढी उरली होती. तीही गेली की जागा दुसऱ्या कुणाला. आणि तरी मी रंगबंदी उठवली नाही. बोला आता.

दुसऱ्या प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी मी स्वतः बाराही मशीनवर मूळ फाइल टाकली, एकेक उघडून पाहिलं, कुलूप लावलं. दहाला पुण्याचे परीक्षक आले. चिठ्ठ्या टाकून मशीन वाटली. द्वारकाला नऊ नंबर आला. पडदा निळा, अक्षरं पिवळी. वीस मिनिटांत तिने एका हाताने कपाळ दाबायला सुरुवात केली. मला दिसत होतं. मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं.

तेवढ्यात लाइट गेली. मंचरला हे नवं नव्हतं. दहा मिनिटांनी आली, पोरांची मशीन परत सुरू झाली. बाकीची सगळी निळी. नऊ नंबर... निळं नव्हतं.

कसं सांगू? मातकट पिवळं, थोडी हिरवट झाक. त्यावर गडद अक्षरं. मी त्या एडिटरचे सोळाही रंग तोंडपाठ म्हणून दाखवले असते. हा त्यांत नव्हता.

परीक्षक तरातरा आले. "हा काय प्रकार आहे? फ्लॉपी आणलीय हिने?"

"न्हाई सर, काय आणलं न्हाई मी." पोरगी पांढरीफटक.

दप्तर झाडलं, ओढणी झटकायला लावली. काही नाही. मग ते म्हणाले, "चार नंबर रिकामा आहे. तिथे बसवा." चार नंबर मी स्वतः सुरू केला. निळा. मी, परीक्षक, द्वारका, तिघांनी पाहिला. द्वारका बसली, कीबोर्डवर बोटं ठेवली, आणि कोपऱ्यातून रंग सरकायला लागला. कापडाचं एक टोक पाण्यात बुडवल्यावर ओल वर चढते ना, तसा. सावकाश. डाव्या खालच्या कोपऱ्यातून वरपर्यंत.

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. मग आवाज चढवला. "मॅडम, ही कॉपी केस आहे. तुमचाच नियम आहे ना रंगांचा? लिहा रिपोर्ट, आणि हिला बाहेर काढा."

माझाच नियम! तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकला आणि पहिल्यांदा कळलं की किती मूर्ख नियम आहे. द्वारका माझ्याकडे बघत होती. तिने कपाळ धरलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "नाही लिहिणार."

"म्हणजे?"

"परीक्षा प्रोग्रामची आहे, पडद्याची नाही. मशीन बिघडलं असेल तर जबाबदार मी. रिपोर्ट लिहायचाच तर माझ्या नावाने लिहा, खाली सही करते. पण ही पोर उठणार नाही. गेलेली दहा मिनिटंही तिला मिळतील."

मालक दारातून हातवारे करत होते. मी बघितलंच नाही तिकडे. किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला, म्हणजे काय ते त्यांनी समजून घ्यावं.

परीक्षक धुसफुसत खुर्चीत बसले. द्वारकाने लाइट गेल्यामुळे पुसलेला प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून टाइप केला आणि चालवला. उत्तर बरोबर आलं. परीक्षकांनी दोनदा वेगळे आकडे घालून पाहिले, दोनदा बरोबर. शेवटी गुण द्यावेच लागले. रिपोर्ट त्यांनी माझ्यावर लिहिला, महिन्याभरात माझी नोकरी गेली. गेली तर गेली.

सगळे गेल्यावर मी चार आणि नऊ दोन्ही मशीन तपासली. पडदे निळे. फाइलीत मूळचेच रंग, तारीख-वेळ सकाळची, मी टाकली तेव्हाची. नात म्हणते, मॉनिटरची वायर सैल असेल. अगं, निळी पिन सुटली तर निळी जमीन काळी होते, हिरड्याच्या पाण्यासारखी नाही. आणि दोन मशीनवर? तीच पोरगी बसल्यावर? व्होल्टेजचं म्हणाल, तर बाकीची मशीन काय वेगळ्या वायरमनची होती? मला शिकवू नका. मी त्या डब्यांची धूळ आठ वर्षं पुसलीय.

सर्टिफिकेट मिळाल्यावर द्वारका घरी पेढे घेऊन आली. डेअरीत रुजू झाली होती. तेव्हा मी विचारलं, "खरं सांग, तू तो रंग आणलास कसा?"

"कुठला रंग, मॅडम?"

"अगं परीक्षेत! हिरड्याच्या पाण्याचा. नऊ नंबरला, मग चार नंबरला."

"मला तर निळंच दिसत व्हतं. सर कशापायी वरडत्यात तेच कळंना. तुमी माझ्यासाठी भांडताय एवढं कळलं. फक्त लाइट आल्यावर डोकं दुखायचं थांबलं, बास."

मी पेढा खाली ठेवून पुन्हा विचारलं. उत्तर तेच.

जिच्यासाठी रंग बदलला तिला तो दिसला नाही. दिसला तो मला आणि त्या परीक्षकाला. का, ते वीसेक वर्षं झाली तरी मला माहीत नाही. ज्यांना याचं स्पष्टीकरण येतं त्यांनी जरूर लिहावं, मी वाचेन आणि बहुतेक भांडेनही. पण त्या दिवशी जे पाहिलं ते पाहिलं, आणि 'नाही लिहिणार' म्हणाले ते आजही म्हणेन... पडदा निळा असता तरी.