दादाच्या पॅन्टची कंबर

माझा दादा शिंपी. त्याच्या दुकानात काज-बटणं मी करते आणि टोमणेही मीच मारते. चार वर्षांपूर्वी त्याच्या जठरात गाठ निघाली, पोटात आणखी चार-पाच पसरलेल्या. रोजची एक गोळी सुरू झाली आणि गाठी गप्प बसल्या. तोही बसेल असं वाटलं होतं, पण कसलं काय! गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावली की "घरच्या जेवणाला चव दिसतेय" म्हणायची खोड काही गेली नाही.

यंदा त्याची पॅन्ट कमरेत घट्ट व्हायला लागली. "धुऊन आटली असेल," तो म्हणाला. मी मान डोलावली, पण मनात आलं, गाठी पुन्हा वाढल्या तर नसतील? पुढची तपासणी दोन महिन्यांवर होती. तोवर तरी त्याने सुखाने दोन घास खावेत म्हणून मी मोठा शहाणपणा केला. इस्त्रीला आलेल्या त्याच्या तिन्ही पॅन्ट मागून उसवल्या, शिवणीत दुमडून ठेवलेली जादा कापडाची माया सोडली आणि कंबर इंचभर वाढवली. शिंप्यापासून शिवण लपवायची म्हणजे मांजराने डोळे मिटून दूध प्यायचं!

तिसऱ्याच दिवशी पॅन्टची घडी घालताना त्याचा अंगठा थांबला. त्याने चष्मा चढवला.

"हा टाका माझा नाही."

मी सुईत दोरा ओवत बसले. ओवला जाईना.

"किती सोडलीस?"

"एक इंच."

"वेडे, माप लपवून पोट कमी होतं का?"

तो ओरडला नाही, याचंच मला जास्त रडू आलं. त्याने वहिनीला हाक मारली आणि त्याच दिवशी आम्ही तिघं हॉस्पिटलात गेलो.

स्कॅनमध्ये एकच गाठ वाढलेली दिसली. सर्जनबाई म्हणाल्या, "सगळ्याच वाढल्या असत्या तर मी चाकू लावला नसता, दुसरं औषध बघितलं असतं. इथे एकच गोळीला जुमानत नाही. ती काढू, जमल्या तर बाकीच्याही. गोळी मात्र सुटणार नाही."

"बरोबर," दादा म्हणाला. "एक शिवण उसवली म्हणून कोणी कोट फेकत नाही."

"पण दोन महिने थांबला असतात, तर कदाचित काढता आली नसती," बाई म्हणाल्या.

माझी मान खाली गेली.

ऑपरेशन पाच तास चाललं. सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान काढायचंही मी विसरले होते. बाई बाहेर आल्या, मास्क खाली केला. "दिसत होतं ते सगळं निघालं." वहिनीने त्यांना मिठीच मारली. मी भिंतीला टेकून हमसाहमशी रडले, आणि ते आनंदाचंच रडू होतं.

दोन महिन्यांनी दादा दुकानात आला तो कंबर मुठीत धरून, कारण पॅन्ट घसरत होती. दुसऱ्या दोन त्याने माझ्या पुढ्यात टाकल्या.

"कंबर तूच सोडलीस, आता तूच आवळ. आणि आत भरपूर माया ठेव. मला अजून जाड व्हायचंय."

डोळे पुसत पुसत मी मशीन चालवली. शिवण वाकडी आली. उभ्या जन्मात वाकडी शिवण खपवून न घेतलेला माझा दादा तीच पॅन्ट घालून दिवसभर गिऱ्हाइकांसमोर मिरवला.