खळ्यातली जीप

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही — पोटच्या लेकीजवळही नाही. आणि आता बोलते आहे म्हणून म्हातारी नरमली असं समजू नका. मी होते तशीच आहे.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगते. ठेकेदाराची जीप मी ओढून बाहेर काढली, त्याची मला लाज नाही. आजही ओढीन! स्वातंत्र्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. आलापल्लीच्या अलीकडे, रस्त्याला लागून माझं खळं होतं. नवरा वारलेला, लेक लहान, आणि जंगलातून लाकडं ओढणारी रेड्यांची जोडी. सागवानाचा ठेकेदार यायचा तो जीप सरळ माझ्या सारवलेल्या खळ्यात घालायचा. चाकांनी सारवण उखडायचं, वर तेल सांडायचं. मी धान चुरायचं कुठे — रस्त्यावर? तीनदा सांगितलं. तो हसला. मग शाळेच्या मास्तरांकडून पाटी लिहून घेतली: खळ्यात गाडी ठेवली तर ओढून काढू, ओढाई पाच रुपये.

त्या पाटीला गावही हसलं. तुम्ही असता तर हसला नसता?

त्या दिवशी बाजार होता. जीप घेऊन हबीबभाऊ एकटेच आले. चांद्याचे, ठेकेदाराचे ड्रायव्हर, मोजकं बोलणारा माणूस. पाटीजवळ थांबले, उतरून माझ्याकडे आले.

"बाई, इंजन लई गरम झालं. घंटाभर इथी ठेवू का? नाल्यावरून पाणी आन्तो."

इथे — इथे माझी जीभ अजून अडते. पुढचं आधी सांगते.

हबीबभाऊ डबा घेऊन नाल्याकडे गेले आणि मागून ठेकेदार लाकडाच्या ट्रकमधून उतरला. जीप पाहिली, पाटी पाहिली. बाजाराला आलेली माणसं जमवली.

"काऊन बाई, गाडी तं उभी हाय! ओढून दाखव ना!"

सगळे हसले. मी रेडे जुंपले, साखळी लावली आणि जीप पार सडकेवर नेऊन सोडली. हात पुढे केला. ठेकेदाराने पाच रुपये दिले — चारचौघांत, माझ्या हातात.

तेवढ्यात हबीबभाऊ पाणी घेऊन आले. ठेकेदाराचा सगळा राग तिकडे वळला. "कोनाले इचारून ठेवली गाडी?"

"बाईले इचारलं होतं, मालक."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. पाच रुपये मुठीत.

"नाई," मी म्हटलं. "मले कोनी नाई इचारलं."

ठेकेदाराने त्यांना तिथेच कामावरून काढलं. हबीबभाऊ भांडले नाहीत. जीपमधली वळकटी काढली आणि चालू लागले. मी त्यांच्या पाठीकडे पाहिलं का? पाहिलं. हाक मारली का? नाही.

माझी गोष्ट मात्र गावोगाव गेली. लग्नकार्यात बायका कौतुकाने सांगायच्या, मी मान डोलवायची. एवढ्यावर थांबलं असतं तर रागाच्या भरात बोलले, असं मी तुम्हाला सांगितलं असतं. पण पंधरा दिवसांनी हबीबभाऊंची बायको बसने आली.

"ठेकेदारानं साऱ्याइले सांगतलं, का हा खोटा मानूस हाय. कोनी गाडी देऊन नाई राह्यलं. तुमी फक्त एकडाव सांगा बाई, का त्यायनं इचारलं होतं."

तेव्हा गर्दी नव्हती. कुणी हसत नव्हतं. अंगणात आम्ही दोघीच. मी शांत होते — अगदी शांत.

"मी सांगतलं तेच खरं हाय," मी म्हटलं.

परतीची बस संध्याकाळी होती. तोवर ती सडकेच्या कडेला उन्हात उभी राहिली, माझ्या खळ्यात पाऊल न टाकता. पुढे कळलं, हबीबभाऊ आरागिरणीत ओंडके उचलायला लागले. गाडी पुन्हा हाती आली नाही.

ठेकेदाराला मी भ्याले नाही, हे खरंच आहे; ते कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही. पण हबीबभाऊंनी विचारलं होतं. कोपरा दाखवून मीच म्हटलं होतं, "ठेवा भाऊ."