फलाटावरची दारं

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पहिली पाळी सुटली की चिंचवड स्टेशनावर तो रोज दिसायचा. खाकी कपडे, कानामागे खडू. लोकल यायच्या आधी फलाटाच्या कडेशी उकिडवा बसून, डब्याचं दार जिथे येईल असं त्याला वाटे, तिथे तो दोन रेघा ओढायचा. गाडी वीतभर पुढे थांबली की स्वतःवरच चिडायचा, बुटानं रेघा पुसायचा आणि नव्या ओढायचा. लोक हसत.

एकदा मी विचारलं, "हे काय चाललंय, भाऊ?"

"दारं बसवतोय. हितं कडेनं काचेची भिंत पायजे. गाडी थांबली की भिंतीतलं दार उघडंल, गाडी गेली की बंद."

"असं कुठं असतं का राव?"

त्यानं उजवा हात पुढे धरला. दोन बोटं नव्हती. "कारखान्यात आमच्या प्रेस मशीनला जाळीचा गार्ड बसवला, पन ही गेल्यावर. हितं आदी बसवू."

त्या दिवसापासून उतरत्या उन्हात मलाही ती भिंत दिसू लागली. कधी कधी तर तिच्यात माझा चेहराही दिसायचा.

पुढे तो यायचा बंद झाला. रेघा लोकांच्या पायांखाली पुसून गेल्या. एके दिवशी मला उशीर झाला. गाडी फलाटात शिरत होती आणि लोक चालत्या डब्याला लटकत होते. मीही धावलो. पण त्याची रेघ असायची तिथे पोचताच पाय आपोआप थांबले. तळहात पुढे, काचेवर टेकल्यासारखा धरून मी उभा राहिलो.

दार अजून बंद होतं.