बाईले बोलू द्या

बेबाबाईचं लग्न ठरलं तेव्हा नवरा सिनेमात आहे, एवढंच तिच्या माहेरी कळलं होतं. पारोळ्याजवळच्या त्या खेड्यात या बातमीनं खळबळ उडाली. घोड्यावर बसून किडकिडीत वना आला, तशी तिची आत्या उघडच म्हणाली, "माय वं, हाऊ काय काम करस सिनेमामा?"

वना मशीन चालवत असे. धुळ्याच्या घेवरचंद शेठजींचा फिरता सिनेमा होता. तंबू, एकच मशीन, भोंगे आणि सामानाचा जुना ट्रक. पावसाळा संपला की यात्रा-बाजार गाठत खानदेशभर हिंडायचं. बेबाबाई दोन हंगाम बोदवडला सासरी राहिली आणि तिसऱ्या हंगामात, म्हणजे सदुसष्ट साली, हट्टानं वनाबरोबर ट्रकवर चढली.

शेठजींनी कपाळाला हात लावला. "वना, तंबूत बिनकामाचं माणूस मी ठेवत नाही. माझा सख्खा भाचा आला तरी त्याला खांब रोवायला लावतो."

"मग मला काम द्या ना, शेठजी," बेबाबाई म्हणाली.

शेठजी मनाचे चांगले. त्यांनी तिला भिंतीवर जाहिराती चिकटवायला दिल्या. तिनं घरच्यासारखी खळ शिजवली, दादर ज्वारीच्या पिठाची, दाट आणि खमंग. सकाळी पाहतात तर गावातल्या शेळ्यांनी नायकासकट सगळा कागद खाऊन टाकलेला. मग तिला जाहिरातीच्या टांग्यात बसवलं, पुकारणाऱ्या पुनाच्या शेजारी. पुना कर्ण्यातून सिनेमाचं नाव पुकारायचा, हिनं कागद उधळायचे. पण बाई कागद उधळते म्हटल्यावर पोरं कागद सोडून तिलाच बघत टांग्यामागं धावायला लागली, आणि वनाच तणतणला.

पारोळ्याला बालाजीच्या यात्रेत तंबू लागला, तेव्हा शेठजींनी तिला बायकांच्या तिकिटाच्या खिडकीवर बसवलं. पहिल्याच खेळाला बायकांची बाजू खच्चून भरली आणि गल्ला रिकामा. शेठजी धावतच आले.

"अगं, तिकिटं कुठं गेली?"

"पैसा कसा लेऊ, शेठजी? मन्या माहेरन्या बाया शेतस. काकू, मामी, आत्या, बठ्ठ्या! दाराशी आलेल्या माहेरच्या माणसाकडे पैसे मागितले तर माझी आई तोंड बघणार नाही माझं."

शेठजी खुर्चीत बसले. पहिल्यांदा रागावले, मग हसले, मग पुन्हा रागावले. "यात्रा उठली की आपण चोपड्याला. तू मात्र बोदवडची गाडी धर. तुझ्या सासूचा निरोपही आलाय, कापूस वेचायला माणूस नाही म्हणून."

वना मान खाली घालून रीळ गुंडाळत राहिला. कापसाच्या कामाला बेबाबाई भीत नव्हती. पण पांढऱ्या पडद्यावर उजेड पडला की तिच्या अंगात जे व्हायचं, ते कापसाच्या शेतात कुठून होणार?

यात्रा उठेपर्यंत तिला कनातीच्या आत, बायकांच्या बाजूला दार राखायला सांगितलं. मशीन एकच, त्यामुळं रीळ बदलताना दिवे लागत. दिवे लागले की बायका नायिकेच्या रडण्याचं कारण विचारत, "वं बेबा, ती काब्र रडनी?" सिनेमातली हिंदी त्यांच्या डोक्यावरून जायची. बेबाबाईनं तो सिनेमा इतक्या वेळा पाहिलेला की ती कनातीला टेकून सांगायची, "हाई तिनी सासू शे, बरं का. वरथीन गोड, मझारथीन कडू. आते देखा, कशी दूधमा इख टाकस ते!" हळूहळू ती रीळ चालू असतानाही सांगायला लागली. पलीकडून पुरुष ओरडत, "ए बाई, पडदा बोलू दे!" शेठजींनी दोनदा दम भरला.

यात्रेच्या मुख्य दिवशी तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. पहिलं रीळ संपता संपता मशीनमधला आवाजाचा दिवा, ज्याच्या उजेडावर फितीतला आवाज उमटतो तो, गेला. चित्र हलतंय, ओठ हलताहेत, शब्द नाही. वनानं जादा दिव्याचं खोकं उघडलं, तर आत काचेचा चुरा. रस्त्याच्या खड्ड्यांत तो कधीच फुटला होता. नवा दिवा भुसावळहून आणायचा म्हणजे उद्याची गोष्ट.

शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी तंबूचा दोर सोडायला लागलं. पुना माईक घेऊन "शांत रहा, मंडळी" म्हणत होता. माईक आणि भोंगे धड होते, गेला होता फक्त सिनेमाचा आवाज.

बेबाबाई कनात वर करून पुरुषांच्या बाजूनं सरळ चालत गेली आणि पुनाच्या हातून माईक घेतला. डोक्यावरचा पदर तेवढा नीट केला.

"बठा रे भाऊ, बठा! अहो, रीळ सोडा. मी सांगस गोष्ट."

वनानं क्षणभर शेठजींकडे पाहिलं आणि रीळ सोडलं.

सासूला तिनं चिरका आवाज दिला, सासऱ्याला खोकला दिला, आणि खलनायकाला गावातल्या एका सावकाराचं हसू, जे सगळ्यांना ओळखीचं होतं. तंबू हसून हसून लोळला. पुढं नायिका झोपाळ्यावर गाऊ लागली. ते हिंदी गाणं काही बेबाबाईला येत नव्हतं. तिनं खुशाल कानबाई देवीचं, घरोघरी म्हणतात ते गाणं उचललं. बायकांच्या बाजूनं दुसरी ओळ आली, तिसरीला पुरुषांनी टाळ्या धरल्या, आणि पडद्यावरची शहरी नायिका पारोळ्याच्या गळ्यानं गायली. शेवटी मुलगा आईला ओळखतो तिथं बेबाबाईचाच आवाज फुटला. हे आपलं शेवटचंच, मग बोदवड, असं तिच्या मनात होतं. तंबूभर पदर आणि उपरणी डोळ्यांना लागली.

दुसऱ्या दिवशी भुसावळचा दिवा आला. वनानं बसवला, आवाज खणखणीत सुरू झाला. शेठजींनी सुटकेचा निःश्वास टाकला, तोच पुरुषांच्या बाजूनं, काल-परवापर्यंत तिला गप्प करणाऱ्या बाजूनं, आरोळी उठली:

"आवाज बंद करा! बाईले बोलू द्या!"

बायकांनी ती उचलून धरली. शेठजी मशीनच्या केबिनच्या दारात उभे राहिले. "वना, आता काय करू रे?"

"मला काय विचारता? ती समोर उभी आहे."

बेबाबाईनं अटी घातल्या. बसायला उंच खुर्ची हवी. गाणी सिनेमाची वाजतील, बोलणं ती करेल. आणि बोदवडला कापूस वेचायला शेठजींनी मजूर पाठवायचा.

"आणि माहेरच्या बायका?" शेठजींनी विचारलं.

"त्या फुकटच."

"बरं बाई. पण तुझं माहेर चोपड्यापर्यंत वाढवू नकोस."

चोपड्याला टांगा निघाला तेव्हा पुना सिनेमाचं नाव पुकारत होता. केळीच्या बाजारात एका म्हाताऱ्यानं टांगा अडवला. "नाव ऱ्हाऊ दे रे. पारोळानी बाई शे का?"

टांग्यात मागं बसलेल्या बेबाबाईनं पुनाच्या हातून कर्णा काढून घेतला.

"शे, आबा!" ती म्हणाली. "घरना बठ्ठा लोके संगे लई या."